काळ्या मिरीचा नकाशा

या पुस्तिकेत ज्या पानाची ओळख करून द्यायची आहे ते १६११ साली छापलेले आहे, आणि त्यावर दिसणारे जग आहे १३२० च्या सुमाराचे. मधल्या काळात वास्को द गामा कालिकतला येऊन गेला, पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्यालाही शंभर वर्षे उलटली, अमेरिका युरोपला माहीत झाली, पृथ्वीला वळसा घालून जहाजे परत आली. १६११ मध्ये ज्याला जगाचा बरा नकाशा हवा असेल त्याला तो विकत मिळत होता. तरीही जर्मनीतल्या हानाऊ या गावी निघालेल्या एका ग्रंथासाठी कुणी कसबी कारागीर तांब्याचा पत्रा पुढ्यात घेऊन बसला आणि तीन शतकांपूर्वीचा, उघड उघड कालबाह्य झालेला वाटोळा नकाशा त्याने पुन्हा कोरून काढला. त्याने हे का केले असेल, हा प्रश्न या पानाने माझ्यापुढे टाकला. ही पुस्तिका त्या प्रश्नातून तयार झाली आहे.

हानाऊ माझ्या डार्मश्टाटपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. हे पान मला डार्मश्टाटमध्येच, जुनी पुस्तके आणि छापचित्रे विकणाऱ्या एका दुकानात मिळाले. सुटे होते. कधीतरी कुणीतरी मूळ ग्रंथातून ते कापून काढले होते, त्यामुळे त्याच्या मागेपुढे काय मजकूर होता याचा मागमूस त्यावर उरलेला नव्हता. सोबतच्या चिठ्ठीवर मध्ययुगीन जगाच्या नकाशाची जुनी कोरीव छाप, एवढीच ओळख. भिंतीवर शोभून दिसतात म्हणून अशी पाने विकली जातात आणि घेतलीही जातात. मला या प्रस्तावनेत ते पान पुन्हा त्याच्या ग्रंथात नेऊन बसवायचे आहे. ज्या माणसाने हा नकाशा मुळात करवून घेतला त्याला एक मोठे काम तडीस न्यायचे होते, आणि त्या कामाच्या मुळाशी हिंदुस्थानातून जाणारी मिरी होती.

त्या माणसाचे नाव मारिनो सानुदो तोर्सेल्लो. व्हेनिसचा, १२७० च्या सुमारास जन्मलेला, मोठ्या घराण्यातला, पूर्व भूमध्य सागरातली बंदरे आणि बाजार स्वतः पाहिलेला. १२९१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचे आक्रे हे शहर इजिप्तच्या ममलुक सुलतानाने जिंकले आणि धर्मयुद्धांच्या काळात तिथे उभी राहिलेली ख्रिस्ती सत्ता संपली. पुढची कित्येक वर्षे ‘पवित्र भूमी’ परत कशी मिळवायची याच्या योजना युरोपात लिहिल्या जात होत्या. त्यांतल्या बऱ्याच योजनांचा भर शौर्यावर आणि पुण्यावर होता. सानुदोची योजना जमाखर्चाची होती.

त्याचा हिशेब सरळ होता. सुलतानाचे सैन्य कशावर पोसले जाते? जकातीवर. जकात कशावर मिळते? हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावर. हा माल कोणत्या वाटेने येतो तेही तो टप्प्याटप्प्याने सांगतो. माहाबार आणि खंबायत इथून निघालेला माल एडनला उतरतो, पुढे उंटांवर लादून नाइलच्या काठी कूस या गावी नेला जातो, तिथे होड्यांत भरून कैरोला, आणि नदीला पाणी भरपूर असले की कालव्याने अलेक्झांड्रियाला. मिरी, आले, दालचिनी, धूप असा वजनदार माल प्रामुख्याने या वाटेने जातो. लवंगा, जायफळ, जायपत्री असा हलका पण महाग माल इराणच्या आखातातून वर चढून खुष्कीच्या मार्गानेही युरोपकडे येतो. सानुदोचे म्हणणे असे की सगळाच माल या दुसऱ्या वाटेला वळवावा. इराणवर तेव्हा मंगोल खानांचे राज्य होते आणि ममलुकांशी त्यांचे हाडवैर होते. खुष्कीने आलेले आले जास्त चांगल्या प्रतीचे असते, हेही तो नोंदवायला विसरत नाही. त्याच्या लिखाणात मला सर्वात विश्वासार्ह वाटतात त्या अशाच जागा: धर्मयुद्धाची भाषा बोलता बोलता हा माणूस मध्येच आल्याच्या प्रतीवर येतो, आणि तिथे तो नक्की काय बोलतो आहे हे त्याला पक्के ठाऊक असते.

उपाय त्याने सुचवला तो असा. प्रथम दहा गॅली जहाजांचा ताफा ठेवून इजिप्तशी चाललेला व्यापार बंद पाडायचा. सुलतान खिळखिळा झाला की १५ हजार पायदळ आणि ३०० घोडेस्वार पाठवून नाइलच्या मुखाशी पाय रोवायचा. मग जेरुसलेम आपसूक हाती येईल. आजच्या वर्तमानपत्रांत याला आर्थिक नाकेबंदी म्हटले असते. मलबारच्या परसातली मिरी तोडणाऱ्या माणसाला याची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या मालाच्या वाटेवर कुठे बोट ठेवले म्हणजे एक साम्राज्य गुदमरेल याचा विचार व्हेनिसमध्ये चालला होता. म्हणूनच हा नकाशा आपला विषय आहे असे मी म्हणतो. मराठीत आपण व्यापारी मार्गांचा इतिहास लिहितो तेव्हा बहुधा १४९८ पासून सुरुवात करतो. सुरुवात निदान पावणेदोनशे वर्षे मागे न्यायला हवी.

२४ सप्टेंबर १३२१ रोजी सानुदो आव्हिन्योंला पोप बाविसावा जॉन याच्यासमोर उभा राहिला. आपल्या ग्रंथाच्या दोन प्रती त्याने सादर केल्या, एक तांबड्या वेष्टनातली आणि एक केशरी-पिवळ्या. त्यांच्यासोबत चार नकाशे होते: एक भूमध्य सागराचा, एक समुद्र आणि जमीन मिळून सगळ्या जगाचा, एक पवित्र भूमीचा आणि एक इजिप्तचा. ही माहिती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. ग्रंथाचे लॅटिन नाव लांबलचक आहे; क्रुसाच्या निष्ठावंतांसाठी गुप्त गोष्टींचे पुस्तक, असा त्याचा आशय. पोपने ग्रंथ तपासायला चार भिक्षूंकडे दिला. त्यांनी तो वाचला, अभिप्राय दिला, आणि पुढे काही घडले नाही. सानुदोने हार मानली नाही. १३४३ मध्ये मरण येईपर्यंत तो राजे, सरदार, धर्माधिकारी यांना पत्रे लिहीत राहिला, ग्रंथाच्या सुबक प्रती करवून वाटत राहिला. त्या प्रतींतल्या काही टिकल्या म्हणून हा नकाशाही टिकला.

इथे थोडे ठाण्याकडे वळतो, कारण तारखा फार जवळच्या आहेत. त्याच १३२१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे सानुदो पोपपुढे उभा राहण्याच्या पाच महिने आधी, ठाण्याला चार फ्रान्सिस्कन भिक्षू मारले गेले. ते कोल्लमला निघाले होते, जहाज ठाण्याला लागले आणि तिथल्या काझीसमोर धर्माच्या वादात ते अडकले. त्यांच्यासोबत आलेला जोर्दानुस हा डोमिनिकन भिक्षू तेव्हा ठाण्यात नव्हता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ऑक्टोबरमध्ये त्याने गुजरातच्या घोघा बंदरातून आपल्या बांधवांना पत्र लिहिले आणि धर्मप्रसाराला कोणत्या जागा बऱ्या आहेत ते कळवले. त्यात सोपारा आहे, भडोच आहे, कोल्लम आहे. १३२९ मध्ये याच बाविसाव्या जॉनने जोर्दानुसला कोल्लमचा बिशप नेमले.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. एकाच वर्षी, एकाच पोपच्या कारकिर्दीत, आव्हिन्योंच्या दरबारात जगाचा नकाशा उलगडला जातो, आणि कोकणच्या किनाऱ्यावर एक युरोपीय माणूस मातीत हात घालून आपल्या सोबत्यांना पुरतो आहे. बंदरांची नावे त्याला तोंडपाठ आहेत. नकाशाला ती माहीत नाहीत. हे अंतर मनात ठेवून मग पानाकडे वळावे.

पान ग्रंथात दोन पृष्ठे व्यापणारे, मध्ये उभी घडी. वर्तुळाच्या माथ्यावर पूर्व आहे, म्हणजे उत्तर डावीकडे आणि दक्षिण उजवीकडे. आपल्या सवयीला जुळवून घ्यायचे तर पान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरी वळवावे लागते. जेरुसलेम साधारण मध्यावर आहे. खालच्या अर्ध्या भागात भूमध्य सागर, आणि तो पाहताक्षणी ओळखू येतो: इटलीचा लांब पाय, ग्रीसचे फाटलेले टोक, वर काळा समुद्र. तिथून नजर बाहेरच्या कडेकडे सरकवली की आकार सैल पडत जातात. ज्याला हा फरक पहिल्या नजरेत दिसला त्याला या नकाशाची निम्मी गोष्ट कळली. भूमध्य सागराचा भाग दर्यावर्दींच्या होकायंत्री नकाशांवरून घेतलेला आहे. हे नकाशे बंदर ते बंदर, दिशा आणि अंतर मोजून, प्रत्यक्ष वापरासाठी केलेले असत. बाहेरचा भाग ऐकीव माहिती, जुने ग्रंथ आणि अरब भूगोल यांवरून भरलेला आहे. मापलेले आणि ऐकलेले एकाच वर्तुळात मांडण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो बराचसा प्रामाणिक आहे. त्याच काळातल्या एब्स्टोर्फ किंवा हेरफर्डच्या भव्य नकाशांवर एकपायी माणसे, कुत्र्याच्या तोंडाची माणसे, नाना अद्भुत प्राणी काढलेले आहेत. इथे त्यांचा पत्ता नाही. ज्याला जहाजे पाठवायची आहेत त्याला राक्षसांचा उपयोग नव्हता.

उजवीकडे आफ्रिका पूर्वेला खूप लांब ओढलेली आहे. तिच्या आणि आशियाच्या मधून हिंदी महासागर आत शिरतो आणि पूर्वेला बाहेरच्या महासागराला जाऊन मिळतो. टॉलेमीच्या परंपरेत हा समुद्र चारी बाजूंनी जमिनीने बंद केलेला असे. इथे तो खुला आहे. ही कल्पना अरब भूगोलाची. सिसिलीत राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाने अल-इद्रिसीने ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या कामात समुद्राची मांडणी अशाच धाटणीची आहे. सानुदोच्या विरोधकांच्या ज्ञानाने सानुदोचा नकाशा भरला गेला, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटलेले दिसत नाही.

भारत शोधायचा तो माथ्याजवळ, मध्यापासून उजव्या हाताला. इथे एक भारत नाही, मोठा, धाकटा, खालचा असे अनेक भारत आहेत. त्या काळी युरोपात आफ्रिकेचा काही भागही भारतातच मोजला जाई. प्रेस्टर जॉन या काल्पनिक ख्रिस्ती राजाचे नावही इकडेच टाकलेले आहे. वर ईशान्येकडे कॅथे म्हणजे चीनचे राज्य सुरू होते आणि महान खान राहतो, अशा आशयाची नोंद आहे. ठाणे, सोपारा, चौल या नावांचा इथे शोध घेऊ नये. मार्को पोलो हा सानुदोच्याच गावचा, १३२४ पर्यंत हयात, त्याच्या पुस्तकात ठाण्याचे वर्णन आहे. पण ते या नकाशात उतरलेले नाही. दख्खनची नावे युरोपच्या नकाशावर दिसण्यासाठी १३७५ च्या कातालान अॅटलासपर्यंत थांबावे लागते. तिथे ‘दिओजिल’ असे एक नाव आहे आणि अभ्यासक ते देवगिरी मानतात. पन्नास वर्षांत इतका फरक पडला, हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्याखेरीज लक्षात येत नाही.

नकाशा सानुदोचा म्हणतो खरा, पण काढणारा हात दुसऱ्याचा होता. पिएत्रो वेस्कोंते हा जेनोआचा, व्हेनिसमध्ये बसून काम करणारा नकाशाकार. सही आणि तारीख असलेला सर्वात जुना होकायंत्री नकाशा जो आज हाती आहे तो त्याचाच, १३११ चा. सानुदोच्या ग्रंथासाठी त्याने केलेल्या नकाशांत पॅलेस्टाइनचा नकाशा तर आणखी नवलाचा आहे. त्यावर चौकटींचे जाळे आहे, लांबीला ८३ आणि रुंदीला २८ घरे, आणि गावे त्या घरांत बसवलेली आहेत. हा ग्रंथ तपासणाऱ्या चार भिक्षूंपैकी एक पाओलीनो यानेही आपल्या इतिहासग्रंथात असाच जगाचा नकाशा दिला आहे आणि कुणी कुणाचा घेतला यावर विद्वानांत अजून वाद आहे. आपल्या पानावर मात्र वेस्कोंतेचे नाव नव्हते. त्यामुळे १६११ नंतर हा नकाशा सर्वत्र सानुदोच्या नावावर चालला. १८९१ मध्ये कोनराड क्रेचमर या जर्मन अभ्यासकाने व्हॅटिकनमधल्या हस्तलिखिताच्या आधारे वेस्कोंतेचे श्रेय त्याला परत दिले. २८० वर्षे एका कारागिराचे नाव झाकलेले राहिले, ही या छापील प्रतीची बाजू सांगितलीच पाहिजे.

आता १६११ कडे. हा नकाशा छापात आणणारा झाक बाँगार फ्रेंच होता. १५५४ मध्ये ओर्लेआँला जन्मलेला, धर्माने प्रोटेस्टंट, राजा चौथा हेन्री याचा जर्मन प्रोटेस्टंट राजांच्या दरबारांतला वकील. १५८५ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाऊन आला होता. राजकारण हा त्याचा पेशा आणि हस्तलिखिते हा ध्यास. त्याचा संग्रह पुढे १६३२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बेर्नला गेला आणि तिथे आजही जतन केलेला आहे. धर्मयुद्धांच्या काळातले मूळ इतिहासकार त्याने एकत्र करून दोन भागांत छापले. ‘गेस्टा देई पर फ्रांकोस’ हे त्या ग्रंथाचे नाव. दुसऱ्या भागात सानुदोचा ग्रंथ नकाशांसकट आहे आणि आपले पान तिथले. बाँगार पुढच्याच वर्षी, १६१२ मध्ये, वारला.

छापखाना वेखेल घराण्याचा. पॅरिसमध्ये १५७२ साली सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, त्यानंतर आंद्रे वेखेल जीव वाचवून फ्रांकफुर्टला आला. त्याच्या वारसांच्या कारभारातला एक भाग पुढे हानाऊला गेला. हानाऊचा काउंट दुसरा फिलिप लुडविग याने १५९७ मध्ये नेदरलँड्स आणि आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या निर्वासितांसाठी तिथे नवे नगर वसवले होते. ग्रंथावर झाँ ओब्री या मुद्रकाच्या वारसांचे नाव आहे. जेरुसलेम परत मिळवण्याच्या कॅथलिक युद्धाची साधने कॅथलिकांच्याच छळामुळे देशोधडीला लागलेल्या मुद्रकांनी छापली, तीही एका प्रोटेस्टंट संपादकाच्या देखरेखीखाली. त्यांना युद्ध पुन्हा पेटवायचे नव्हते, साधने जशीच्या तशी वाचकांपुढे ठेवायची होती. माझ्या दृष्टीने या पानाचे मोठेपण इथे आहे.

मग हा कालबाह्य नकाशा पुन्हा का कोरला, या सुरुवातीच्या प्रश्नाचे एक उत्तर मला मान्य होण्यासारखे वाटते: बाँगारला जग कसे आहे हे दाखवायचे नव्हते, ते एकेकाळी कसे समजले गेले हे दाखवायचे होते. त्याच्या आधी १५९८ मध्ये अँटवर्पला रोमन रस्त्यांचा ‘पॉयटिंगर पट’ अशाच हेतूने कोरून छापला गेला होता. पण मध्ययुगातल्या जगाच्या नकाशाला ही वागणूक तोवर क्वचितच मिळाली होती. प्राचीन ग्रीक-रोमन ते सारे आदरणीय आणि मधल्या हजार वर्षांचे सारे अडाणीपणाचे, असे मानणाऱ्या काळात कुणीतरी १३२१ च्या नकाशाला पुरावा मानले. जुनी चूकही पुरावा असते, ती दुरुस्त न करता जपायची असते, ही इतिहासाची शिस्त इथे तांब्यावर उतरलेली दिसते.

तांब्यावरच्या कामाविषयी मराठी वाचकाला परके वाटू नये. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची कला इंग्रज साहेबांच्या आश्रयाने शिकून घेतली होती, आणि नानांच्या निधनानंतर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने अशाच पत्र्यांवरून १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली. पद्धत तीच. पत्र्यावर टोकदार कोरणीने रेघ खणायची, अक्षर उलटे काढायचे. शाई फासून वरचा पृष्ठभाग पुसून घेतला की ती फक्त चरांत उरते. ओलसर कागद वर ठेवून जड रुळांमधून दाबून काढला की कागद चरांत शिरून शाई उचलतो. त्यामुळे अशा छापेवरून बोटाचे टोक हलकेच फिरवले तर रेघ उंचावलेली लागते, आणि चित्राच्या चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दाब कागदात खोल उमटलेला असतो. माझ्या पानावर तो दाब एका बाजूने कापला गेला आहे. ग्रंथातून पान काढणाऱ्याच्या सुरीने समास खाल्ला. उजेडासमोर धरले की हातकागदाच्या जाळीच्या समांतर रेघा दिसतात. घडीच्या ठिकाणी कागद पातळ झाला आहे आणि एका ठिकाणी मागून चिकटवलेली पट्टी आहे.

हस्तलिखितांतल्या नकाशांवर रंग आहेत, समुद्र हिरवा आहे. कोरणीला रंग नाही; जे काही सांगायचे ते रेघेने आणि बिंदूंनी. लेखनिकाची वळणदार गॉथिक अक्षरे जाऊन सतराव्या शतकाची रोमन अक्षरे आली. नावे वाचताना कोरणाऱ्याने किंवा त्याला नमुना देणाऱ्याने काही ठिकाणी अडखळणे अटळ होते. उलटी अक्षरे कोरताना तीनशे वर्षांपूर्वीचे अपरिचित नाव नीट उतरवणे किती कठीण असेल याची कल्पना करावी. या पुस्तिकेत नावांची वाचने देताना जिथे शंका आहे तिथे ती तशी नोंदवली आहे. छाप ही मूळ नकाशाची खिडकी आहे आणि स्वतः १६११ चा दस्तऐवजही आहे. दोन्ही एकदम वाचायचे असतात.

प्रतिकृतीला कमी लेखू नये, याचे आणखी एक कारण जर्मनीत राहून विसरता येत नाही. वर उल्लेख केलेला एब्स्टोर्फचा नकाशा बकऱ्यांच्या ३० कातड्यांवर काढलेला होता, सुमारे साडेतीन मीटर लांब-रुंद. ऑक्टोबर १९४३ मध्ये हानोव्हरवर बॉम्ब पडले त्यात तो जळून गेला. आज आपण तो पाहतो तो १८९१ मधल्या छायाचित्रांवरून आणि कोनराड मिलर या धर्मगुरू-अभ्यासकाने १८९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या रंगीत प्रतिकृतीवरून. पुढच्या वर्षी, ११ सप्टेंबर १९४४ च्या रात्री, डार्मश्टाटची पाळी आली. जुने शहर एका रात्रीत बेचिराख झाले, ११ हजारांहून अधिक माणसे मेली. राजवाड्यातल्या ग्रंथालयाची मुळे १५६७ पर्यंत जातात. त्याचे लाखो ग्रंथ आगीत गेले. हस्तलिखिते आधी हलवली होती म्हणून हिट्डा कोडेक्ससारखी हजार वर्षांपूर्वीची चित्रमय पोथी वाचली. या शहरात जुन्या कागदाविषयी बोलताना लोकांचा आवाज आपोआप गंभीर होतो तो यामुळे. एकच प्रत असलेली वस्तू कधीही जाऊ शकते. ज्याची छाप निघाली ते शंभर घरी पोचते आणि त्यांतले एखादे तरी घर वाचते. सानुदोचा नकाशा हस्तलिखितांतूनही टिकला हे भाग्य. पण अडीचशे वर्षे बहुसंख्य वाचकांना तो बाँगारच्या छापेतूनच माहीत होता. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सांतारेंम आणि जोमार यांनी, ब्रसेल्समध्ये परागंदा पोलिश इतिहासकार योआखिम लेलेवेल याने मध्ययुगीन नकाशांचे संग्रह काढले. लेलेवेलने तर दारिद्र्यात दिवस काढत स्वतःच्या हाताने पत्रे कोरले. नकाशांचा इतिहास हा विषय अभ्यासाला आला तो या प्रतिकृतींच्या जोरावर.

डार्मश्टाट आज दुसऱ्याच एका वाटोळ्या चित्रासाठी ओळखले जाते. हवामान उपग्रह चालवणाऱ्या यूमेटसॅट या युरोपीय संस्थेचे मुख्यालय इथे आहे. १९९८ मध्ये तिने मेटेओसॅट-५ हा उपग्रह हिंदी महासागरावर, ६३ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला आणि तेव्हापासून या समुद्रावरची तिची नजर हटलेली नाही. आता दर १५ मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण गोल प्रतिमा येते: आफ्रिका, अरबस्तान, आपला पश्चिम किनारा, आणि जूनमध्ये त्याच्यावर चढत येणारे ढग. सानुदोची मिरी नेणारी जहाजे ज्या मोसमी वाऱ्यांवर ये-जा करत होती ते वारे या चित्रात डोळ्यांना दिसतात. सातशे वर्षांपूर्वी ज्या समुद्राची कड अंदाजाने ओढावी लागली तो आता प्रतिमेच्या मधोमध आहे. मापलेले आणि ऐकलेले यांतले अंतर किती कष्टाने कमी होत गेले ते या दोन वर्तुळांकडे लागोपाठ पाहिले की समजते, आणि वेस्कोंतेविषयीचा आदर वाढतो.

या पुस्तिकेची रचना साधी आहे. आधी पूर्ण पानाची प्रतिमा, मग त्याचे भाग मोठे करून, प्रत्येकाखाली लॅटिन नावांचे देवनागरी वाचन आणि मराठी अर्थ. सानुदोच्या ग्रंथातल्या मालाच्या वाटांचा भाग थोडक्यात मराठीत दिला आहे. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी निदान तो भाग वाचून मग नकाशाकडे जावे; नुसता नकाशा पाहिला तर तो केवळ जुनी, गमतीची आकृती वाटेल.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्रात जुन्या नकाशांच्या छापील प्रती कमी नाहीत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आणि पुण्याच्या संस्थांत आहेत, जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत असतील, एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात चौकटीत लटकलेल्याही असतील. त्या ‘मूळ’ नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, नोंदवहीत त्यांची एका ओळीत बोळवण होते. तसे करू नये. पान कोणत्या ग्रंथातले, कोणत्या सालचे, पत्र्यावरचे की शिळाछापाचे, मागे मजकूर आहे का, समास कापला आहे का, एवढे तरी लिहून ठेवावे. पान चौकटीत घालायचे असेल तर मागची बाजू कायमची चिकटवून टाकू नये. आणि पूर्ण ग्रंथ हाती आला तर नकाशासाठी तो कृपा करून फोडू नये. बाँगारचा ग्रंथ जिथे अखंड आहे तिथे सानुदोचा हिशेब आणि वेस्कोंतेचा नकाशा अजून एकाच बांधणीत आहेत.